ज्युएलच्या तारा

हॉबर्टची बायको ज्युएल जाऊन आठ महिने झाले होते. तिचा बँजो स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला होता. हॉबर्ट रोज सकाळी कॉफी चुलीवर ठेवायचा आणि अंगठ्याने पाचही तारा एकदा छेडायचा. त्याला वाजवता येत नव्हतं. पण तारा ज्युएलने शेवटी वाजवलेल्या चालीला लावलेल्या होत्या. त्या नुसत्या छेडल्या तरी ती खोलीत आल्यासारखं वाटायचं.

ते राहत त्या डोंगरात जुन्या चालींना तारा वेगवेगळ्या लावतात. त्या कशा लावल्या हे कळलं की निम्मी चाल हाती येते. पूर्वी एक माणूस आवाज भरून घ्यायचं यंत्र घेऊन खोऱ्यात आला, एका म्हाताऱ्याची चाल भरून घेऊन गेला आणि पुढे तबकडीवर स्वतःचं नाव छापून मोकळा झाला. तेव्हापासून ज्युएल चारचौघांत वाजवून झालं की खुंट्या पिळून तारा ढिल्या करून टाकायची.

शनिवारी दुपारी हॉबर्ट आणि त्याचा चुलतभाऊ क्लोव्हिस पडवीत शेंगा सोलत बसले होते. एक निळी गाडी आली. तिशीतली एक काळी बाई उतरली.

"पलीकडच्या लिंच गावची दिसते," क्लोव्हिस पुटपुटला. "काय विकायला आली बघ."

"नमस्कार, मिस्टर हॉबर्ट. मी रेनेटा. गेल्या वर्षी शाळेच्या जत्रेत तुमच्या मिसेसनी एक चाल वाजवली होती. आमची आयडा आजी तिथे होती. ऐकून रडायला लागली. ती चाल तिच्या वडिलांची, म्हणजे माझ्या पणजोबांची."

हॉबर्टच्या हातातली शेंग तशीच राहिली. आतल्या बँजोच्या तारा त्याच चालीला लावलेल्या होत्या. "चाल ज्युएलची आहे. तिच्या बापानं शिकवलेली."

"त्यांना कोणी शिकवली?"

"ते विचारायला कबरस्तानात जावं लागेल."

रेनेटा हसली. "ते रेल्वेच्या बोगद्याच्या कामावर होते ना? आमचे लूशस पणजोबाही तिथेच होते. संध्याकाळी ते बँजो वाजवायचे आणि तुमचे सासरे फिडल."

"मग चाल दोघांची म्हण की," क्लोव्हिस म्हणाला. "म्हणजे कोणीही यावं आणि घेऊन जावं."

"आजीला पुढच्या रविवारी एक्क्याण्णव पूर्ण होतील. तिच्यासाठी वाजवायची आहे. चाल येते मला, पण तारा जुळत नाहीत. त्यांच्या बँजोच्या तारा अजून तशाच असतील तर फक्त एकदा छेडून दाखवा. माझा गाडीत आहे, घेऊन येते."

ती वळली तसा क्लोव्हिस हॉबर्टच्या कानाशी आला. "बँजो कसला! यंत्र असणार. भरून नेईल आणि वर्षभरात तुलाच विकत घ्यायला लावेल."

हॉबर्ट उठून आत गेला. त्याने बँजो खाली काढला आणि एकेक करत पाचही खुंट्या पिळल्या. ज्युएल करायची अगदी तसंच. मग सवयीने अंगठा फिरवला. तारा लाकडावर नुसत्या खडखडल्या. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, की त्या परत लावणं ज्युएलला येत होतं. त्याला नाही.

रेनेटा आली तेव्हा तो बँजो मांडीवर घेऊन खुर्चीत बसला होता. तिच्या हातात खरोखरच बँजो होता. यंत्र नव्हतं.

"ढिल्या आहेत," तो म्हणाला.

तिने तारांकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे. "आत्ताच केल्यात?"

त्याने एका खुंटीवर अंगठा फिरवला.

"पणजोबाही अस्संच करायचे म्हणे," ती म्हणाली. "तारा लावताना दिसू नये म्हणून आजीलासुद्धा भिंतीकडे तोंड करून बसवायचे."

हे हिने खिडकीतून बघून बनवलं की काय, असं हॉबर्टला वाटलं. "गुणगुणून दाखव," तो म्हणाला. "चाल येते म्हणतेस ना."

तिने डोळे मिटून सुरुवात केली. हॉबर्ट चूक पकडायला टपून होता. मध्यावर चाल ठेच लागल्यासारखी अडते आणि मग खाली उतरते. ज्युएल त्या जागी दरवेळी खालचा ओठ चावायची. ही तिथे अचूक अडली.

हॉबर्टने बँजो पुढे केला. "खुंट्या तू फिरव. मी सांगतो."

"वर. अजून. थांब, गेली पुढे. खाली घे." चार तारा लागायला अर्धा तास गेला. तिसरी काही केल्या जमेना. तो म्हणे वर, ती म्हणे खाली.

"चाळीस वर्षं ऐकलंय मी!"

"आणि आजीनं जन्मापासून. तिलाच विचारू या. चला."

"आत्ता?"

"पाऊण तासाचा रस्ता आहे. घरी बीन्स शिजतायत, कॉर्नब्रेड आहे."

"जाऊ नकोस रे," क्लोव्हिस म्हणाला. "बँजो तिकडेच राहील आणि तू पायी येशील."

हॉबर्टने टोपी घातली. रेनेटाने बँजो मागच्या सीटवर ठेवायला हात पुढे केला.

"तो माझ्याजवळ राहील," तो म्हणाला.

घाटात वळणामागून वळण येत होतं. तो सगळा वेळ बँजो छातीशी धरून बसला होता. लागलेल्या चार खुंट्या हलू नयेत म्हणून त्याने त्या मुठीत घट्ट धरल्या होत्या.