फळीवर राहिलेला सदरा

मित्रांनो, मान जरा वर करा. आगगाडीत बसलात की तुम्ही खिडकीबाहेर बघता, समोरच्याच्या शिदोरीत डोकावता, पण आपल्या डोक्यावर काय आहे ते काही बघत नाही. तिथे मी असते. रोमानियातल्या, सुचावाहून तिमिशोआराला जाणाऱ्या गाडीतली मी एक जुनी सामानाची फळी. म्हणायला फळी, खरं तर लोखंडी नळ्या आणि त्यांवर ताणलेली जाळी. रूप काही नाही, पण आजवर कुणाच्या टाळक्यात मी सामान पाडलेलं नाही. हे माझं मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगणार नाही.

आराडच्या एका कारखान्यात मला जोडलं. जोडणारा गडी धिप्पाड होता. काम झाल्यावर तो मला दोन्ही हातांनी लोंबकळला आणि म्हणाला की आता माझी सासू हिच्यावर झोपली तरी हरकत नाही. त्या सासूबाई काही कधी माझ्या डब्यात आल्या नाहीत. पण माझं एवढंच एक कौतुक झालं आहे, तेव्हा ते मी जपून ठेवलं आहे.

सुरुवातीची वर्षं फार चांगली गेली. आलुबुखाराच्या दारूचे बुधले मी वाहिले, झाडाच्या सालीत बांधलेलं चीज वाहिलं, नव्या नवरीच्या रजया वाहिल्या. एकदा टोपलीतून जिवंत हंस नेला. त्याने घाण केली, तरी मी कुरकुर केली नाही. खाली माणसं कशी बसायची! गाडी सुटली की कोणीतरी मांडीवर फडकं पसरायचं, त्यावर उकडलेली अंडी, कांदा आणि खारवलेल्या चरबीचे काप यायचे, आणि डब्यातल्या सगळ्यांनी खायचं. 'नको' म्हणणाऱ्याला लोक आजारी समजायचे. आणि मला मान होता, कारण आमच्याकडे आईला शहरातल्या मुलाला काही पाठवायचं असलं तर ती स्टेशनवर येते, गाडीत बसलेल्या माणसाच्या हातात पुडकं देते, आणि तिकडे मुलगा फलाटावर येऊन त्याच माणसाच्या हातातून ते घेतो. मधला सगळा प्रवास माझ्या अंगावर.

मग सरहद्दी उघडल्या आणि पासवाले आले.

पासवाले म्हणजे काय ते ऐका. पश्चिमेकडची ही पोरं एक पास काढतात आणि महिनाभर युरोपातल्या वाटेल त्या देशात, वाटेल त्या गाडीत चढतात. फिरू देत, मला काय करायचंय! पण फिरण्याची ही कुठली रीत? डोंगर आले की हे झोपतात आणि सपाटी आली की फोटो काढतात. समोरची बाई अंडं पुढे करते तेव्हा मान हलवून नको म्हणतात आणि तोंड वळवून आपलं आपण बिस्किट खातात. बूट काढून पाय थेट समोरच्या बाकावर. आणि माझ्या जाळीवर ओले मोजे! जिच्यावर नवरीच्या रजया गेल्या, तिच्यावर मोजे. बोलणं तर एकच, किती देश झाले आणि किती राहिले. एकाने माझा अख्खा देश रात्रीच्या झोपेत पार केला आणि सकाळी मित्राला सांगितलं की हा झाला. काय झाला रे, डोंबल?

तुम्हाला वाटेल म्हातारी कुजकट आहे. असेन. पण एका दिवसाची हकिकत सांगते, मग ठरवा.

उन्हाळा सरत आला होता. इल्वाच्या अलीकडे डोंगरात एक लहान स्टेशन आहे. तिथे रूळ एकेरी, त्यामुळे समोरची गाडी येईपर्यंत आमची गाडी ताटकळत उभी असते. माझ्याखाली तिघं बसली होती. एक गाव्रिलकाका, लाकडाच्या वखारीतून निवृत्त झालेले. आणि दोन पासवाले, हॉलंडचे, युरियान नावाचा लांबोडका मुलगा आणि त्याची मैत्रीण फेना. तेवढ्यात काळा रुमाल बांधलेली एक बाई पुडकं छातीशी धरून डब्यात आली. ती झांफिराकाकू. तिचा नवरा तोदेर वारला होता आणि उद्या त्याचा चाळिसावा दिवस होता.

आमच्याकडे असं मानतात की माणूस गेला तरी चाळीस दिवस त्याचा जीव घराभोवती घुटमळतो, आणि मग पुढे जातो. जायच्या आत त्याचे कपडे कुणा जिवंत माणसाच्या हातात दान द्यायचे, सोबत गोल पाव आणि मेणबत्ती. त्या माणसाने ते अंगात घातले की तिकडे मेलेल्यालाही अंगभर कपडा मिळतो. नाही दिले तर बिचारा उघडाच देवासमोर उभा राहतो. पुडक्यात तोदेरचा सदरा होता, झांफिराकाकूने लग्नात स्वतः विणून, गळ्याभोवती काळ्या दोऱ्याने भरलेला. आणि तो द्यायचा होता तिमिशोआरातल्या मुलाला, इलारियेला.

ते का, तेही तिने गाव्रिलकाकांना सांगितलं. इलारिये मेंढ्या सोडून शहरात पावाच्या भट्टीवर कामाला गेला, म्हणून बापाने त्याला घराचं दार बंद केलं होतं. कित्येक वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. बाप गेल्याचं कळल्यावर मुलगा धावत आला, पण तोवर खड्डा बुजवून झाला होता. मात्र शेवटच्या दिवशी तोदेर बायकोला एवढंच म्हणाला होता की सदरा इलारियेला दे. आता मुलाला सुट्टी मिळत नव्हती, आणि हिला उद्या सकाळी देवळात उभं राहायचं होतं आणि गावजेवण रांधायचं होतं. म्हणून ती गाडीवर आली होती.

गाव्रिलकाका मध्येच देजला उतरणार होते, म्हणून काकू दोघा पासवाल्यांकडे वळली. गाडी तिमिशोआराला जाते, ही गाडीत बसलेत, म्हणजे तिमिशोआराला जाणार. आमच्या माणसांचा हिशोब इतका सरळ असतो.

"बाबांनो, हे त्याच्या हातातच द्या," ती म्हणाली. "उद्या दिवस मावळायच्या आत त्याने घातलं पाहिजे. मी फोन करून सांगते त्याला, लाल पिशवीवाली दोन उंच परदेशी पोरं आहेत म्हणून."

गाव्रिलकाकांना वखारीमुळे मोडकंतोडकं जर्मन येत होतं. त्यांनी सगळं समजावलं, मेलेल्याचा सदरा आहे हेही सांगितलं, आणि वर स्पष्ट विचारलं, "नक्की तिकडेच जाताय ना? नसाल तर आत्ताच नाही म्हणा. मी तिकीट तपासनिसाकडे देतो, तो नेहमी नेतो अशी पुडकी."

"तिमिशोआरा, हो, नक्की," युरियान म्हणाला. त्याला फार गहिवरून आलं होतं. त्याने काकूचा आणि पुडक्याचा फोटोसुद्धा काढला. काकूने त्याच्या हाताचं चुंबन घेतलं आणि ती उतरली. पुडकं माझ्यावर आलं. पाव अजून गरम होता.

देजला गाव्रिलकाका उतरले. उतरताना त्यांनी पुन्हा बोट वर करून दाखवलं, पोरांनी पुन्हा माना डोलावल्या. मग आलं क्लुज. समोरच्या फलाटावर बुडापेस्टला जाणारी गाडी उभी होती. फेनाने प्रवासाचं पुस्तक चाळलं आणि म्हणाली की तिमिशोआरात तसं बघण्यासारखं काय आहे? युरियानने खिशातला पास चाचपला. झालं! पास असला की बेत बदलायला वेगळे पैसे पडत नाहीत. लाल पिशव्या भराभर माझ्यावरून ओढल्या गेल्या.

"आणि ते पुडकं?" फेनाने दारातून विचारलं.

"गाडी तिकडेच चाललीये ना," तो म्हणाला. "शोधेल तो."

डब्यातल्या बोळात माणसं उभी होती. त्यांतल्या एकाला हात लावून वर बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं, तेवढंही या दीडशहाण्यांनी केलं नाही. मला वाचा असती तर शिव्यांची लाखोली वाहिली असती. पण मला फक्त धरून ठेवता येतं, म्हणून मी धरून ठेवलं.

तिमिशोआराला पोचलो तेव्हा संध्याकाळ होत होती. इलारिये फलाटाच्या दाराशी उभा होता, माझ्या खिडकीतून सरळ दिसेल असा. दाढी केलेली, स्वच्छ कोट, केसांत मात्र पीठ राहिलेलं. आमच्या गाडीतून दुसरे पासवाले उतरलेच. तो प्रत्येकाच्या पुढे जाऊन आपलं नाव सांगू लागला. एका मुलीने पिशवी पोटाशी घट्ट धरली. एकाने खिशातून नाणं काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. इलारिये त्या नाण्याकडे बघतच राहिला आणि मग त्याने ते बाकावर ठेवून दिलं. शेवटी तो डब्याडब्याच्या खिडकीतून आत डोकावत आला. माझ्याही खिडकीशी आला, आणि रिकाम्या बाकांकडे बघून पुढे गेला. तो चेहरे शोधत होता हो! हातात दिलेलं पुडकं कोणी फळीवर टाकून जाईल, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. आमच्यातल्या कुणाच्याच आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यार्डात साफ्ता डबा झाडायला आली. तिने पुडकं सोडलं आणि छातीवर क्रूसाची खूण केली. गोल पाव, मेणबत्ती, धुतलेला सदरा. हे मेलेल्याच्या नावाचं दान आहे, हे तिला सांगायला नको होतं. नाव कुठेच नव्हतं, हातातून हातात जाणाऱ्या वस्तूवर नाव कोण घालतं? पाव ताजा होता, म्हणजे दिवस आजचाच. हरवलेल्या सामानाच्या खोलीत दिलं तर कपाटात पडून राहील आणि दिवस मावळेल. साफ्ताने यार्डाचा म्हातारा चौकीदार ओनुफ्रे याला हाक मारली, त्याला हात धुवायला लावले, माझ्याखालीच मेणबत्ती लावली आणि सदरा त्याच्या हातात ठेवला.

"ज्याचा कुणाचा असेल, त्याच्यासाठी," ती म्हणाली.

"बोग्दाप्रोस्ते," ओनुफ्रे म्हणाला. म्हणजे देव त्याला क्षमा करो; असं दान घेताना आमच्याकडे आभार मानत नाहीत, हेच म्हणतात. आणि त्याने सदरा अंगात घातला.

दुपारी साफ्ता आणि ओनुफ्रे तो पाव खायला माझ्याखाली बसले होते, तेव्हा इलारिये विचारत विचारत यार्डात पोचला. तो डब्यात चढला आणि ओनुफ्रेच्या गळ्यावरची काळी भरतकामाची पट्टी बघून जागीच थांबला. कुणी काही सांगायची गरज पडली नाही. ओनुफ्रे घाईघाईने गुंड्या सोडायला लागला.

इलारियेने त्याचा हात धरला.

"राहू दे, काका. काढू नका. त्यांना आत्ता कुठे अंगभर मिळालंय." मग तो साफ्ताला म्हणाला, "नाव तोदेर. तोदेरसाठी, असं म्हणा एकदा."

साफ्ताने मेणबत्ती पुन्हा लावली आणि नाव घेतलं. तिघांनी पाव मोडला. इलारिये उभ्यानेच खात होता आणि रडत होता. सदरा त्याच्यासमोर होता, हात लांब केला तर पोचेल इतका जवळ. त्याने हात लांब केला, ओनुफ्रेची कॉलर सरळ केली आणि हात मागे घेतला.

"आईला काय सांगणार?" साफ्ताने विचारलं.

"मिळाला म्हणून सांगेन," तो म्हणाला. "खांद्यात बरोबर बसला म्हणून सांगेन."

मित्रांनो, त्या दोघांचं काही वाईट झालं नाही. ते बुडापेस्टला मजेत हिंडले असतील, काकूचा फोटो चार जणांना दाखवला असेल, आणि माणसं किती प्रेमळ असतात म्हणून गहिवरले असतील. त्यांना आपण काय केलं ते कळलंच नाही, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. तुम्ही मोठे व्हाल, पास काढाल, जरूर काढा, माझ्यावर पिशव्याही टाका. पण म्हातारं माणूस काही हातात देऊ लागलं, तर आधी स्वतःला विचारा की आपण तिथवर जाणार आहोत का. नसाल, तर नाही म्हणा. तुमच्या 'नाही'ने इलारियेला त्याच्या बापाचा सदरा मिळाला असता.