फोटोत नसलेला नवरा

माझा ऑस्ट्रेलियाचा व्हिसा आला आणि नवऱ्याचा, म्हणजे गंधारचा, अडकला. तुमचं नातं खरं असल्याचा पुरावा द्या, म्हणे! सात वर्षं या माणसाचे ओले टॉवेल उचलतेय, आणखी काय पुरावा हवा?

लग्नाचा अल्बम दिला, तर म्हणाले, लग्नानंतरचं दाखवा. आम्ही राहतो बहरीनमध्ये, पण फ्लॅट गंधारच्या कंपनीच्या नावावर. व्हॉट्सअॅपवर मी 'दही आण' लिहिणार, तो नुसता अंगठा पाठवणार. उरले फोटो. ते ढिगाने निघाले, पण सगळ्यांत मी एकटीच! गंधारला फोटो काढायचा भारी सोस, आणि फोन दुसऱ्याच्या हाती देईल तर शपथ.

ऑस्ट्रेलियात मला मिळालेल्या नोकरीवर रुजू व्हायची तारीख जवळ येत होती. एकटीने जायचं जिवावर आलं होतं आणि नोकरीही सोडवत नव्हती. रडू यायचं मला.

शेवटी गंधारने अक्कल लढवली. एका शुक्रवारी सगळ्या वर्षांचे दोघांचे फोटो उरकायचे! फोटो काढायला शेजारचे ताहिरभाई आले. ते मूळचे रत्नागिरीचे, उत्साह दांडगा. सखीरला रेस ट्रॅकबाहेर पहिलं वर्ष, किल्ल्यापाशी दुसरं, हिद्दच्या समुद्राकाठी तिसरं. दर वेळी गाडीत कपडे बदलायचे. हिवाळा दिसावा म्हणून ऐन जुलैत मी स्वेटर घातला.

"हे वर्ष खलास, वहिनी!" ताहिरभाई ओरडायचे. "यल्ला, चला, पुढचं वर्ष!"

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. व्हिडिओ मुलाखतीत अधिकारी बाईंनी ते फोटो बघून शांतपणे विचारलं, "इतकी वर्षं तुमच्या नवऱ्याच्या अंगठ्याला तीच पट्टी कशी?"

फोटो काढले त्या आठवड्यात नारळ फोडताना गंधारने अंगठा ठेचून घेतला होता. तो माझ्याकडे बघायला लागला.

"एका दिवसात काढलेत," मी म्हटलं. "चुकलं आमचं."

"मग खरे कुठायत?"

मी मोबाईल स्क्रीनसमोर धरला आणि एकेक फोटो सरकवत गेले. बाई बराच वेळ बघत राहिल्या.

"सगळ्यांत तुमचं तोंड उघडं का?"

"ओरडतेय ना! हा पटकन काढतच नाही. डावीकडे सरक, हनुवटी खाली घे. उन्हात वाळत घालतो मला!"

"तू हलतेस म्हणून!" गंधार उसळला.

"मी हलते? आणि तुझा हात?"

"या एकात मात्र तुम्ही हसताय," बाई मध्येच म्हणाल्या.

तो फोटो वाकडा होता. अर्धं आभाळ, आणि खाली कोपऱ्यात पोट धरून हसणारी मी.

गंधारचा आवाज एकदम खाली आला. "तेव्हा मी मागे सरकता सरकता समुद्रात पडलो."

बाईंना हसू आवरेना. मग त्यांनी आम्हाला खोट्या फोटोंबद्दल चांगलं फैलावर घेतलं आणि ते मागे घेऊन हे पाठवा म्हणाल्या. महिन्याभराने गंधारचा व्हिसा आला.

विमानतळावर ताहिरभाईंनी आमचा दोघांचा फोटो काढला. गंधार त्यांना म्हणतोय, "ताहिरभाई, जरा डावीकडून घ्या." त्यातही माझं तोंड उघडंच आहे. फक्त या वेळी मी ज्याच्यावर ओरडतेय, तो फोटोत आहे.