क्लबामागची मोकळी जागा

क्लबाचा अर्ज आला तेव्हाच श्रेणिक उपाध्येनं ओळखलं, हे लोढणं आपल्याच गळ्यात पडणार. सेहेचाळीस साल. सांगलीकडचा हा पोरगा नगरपालिकेत ओव्हरसियर होता, तोही हंगामी. गावातले वकील, डॉक्टर, मामलेदार संध्याकाळी जिथं पत्ते कुटायचे, त्या क्लबाला मागच्या अंगाला टेनिसचं दुसरं मैदान वाढवायचं होतं. नकाशा साताऱ्याच्या इंजिनियरनं काढलेला. अर्जावर सही लालासाहेबांची, क्लबाचे अध्यक्ष म्हणून. अर्ज मंजूर करणारेही लालासाहेबच, नगरपालिकेचे अध्यक्ष म्हणून. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरं काय?

जागा नगरपालिकेची होती, पण तीस वर्षं तिथं कोंडीबा परीट कपडे वाळत घालत होता. याच साहेबलोकांच्या टेनिसच्या पांढऱ्या विजारी तिथं वाळायच्या. ओव्हरसियरच्या पाहणीत कुणाची वहिवाट दिसली, तर त्याला दुसरी जागा दिल्याशिवाय परवानगी द्यायची नाही, असा नियम होता. कोंडीबाला वाचवायला तो पुरेसा होता. म्हणून श्रेणिक मुद्दाम त्याच्या घरी गेला. उद्या सकाळी लालासाहेब जागा बघायला येणार आहेत, तूही हजर राहा, एवढं सांगून आला. नियम समजावून सांगायचं त्या शहाण्याला सुचलं नाही.

सकाळी जाऊन बघतो तर जागा लख्ख. दोऱ्या नाहीत, मेढी उपटलेल्या, कपडे उकळायच्या भट्टीचे दगडसुद्धा हलवलेले, वर सडा घातलेला. थोर माणसं येणार म्हणून कोंडीबा आणि त्याची बायको धोंडुबाई पहाटेपासून राबली होती. मोठा माणूस आला की त्याच्यापुढं पसारा ठेवायचा नसतो, एवढंच त्यांना ठाऊक. तेवढ्यात लालासाहेब आलेच.

"साहेब, इथं याचे कपडे वाळतात," श्रेणिक कोंडीबाकडं बोट दाखवत म्हणाला.

"कुठं?" लालासाहेबांनी शांतपणे चौफेर पाहिलं. "डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहा, ओव्हरसियर. पुढच्या महिन्यात तुमच्या कायम होण्याचा कागद माझ्यापुढं यायचाय."

श्रेणिकनं लिहिलं. जागा मोकळी, कुणाची वहिवाट नाही. स्वतःच्या अक्षराची त्याला किळस आली, पण हात काही थांबला नाही. पंच म्हणून लालासाहेबांनी कोंडीबालाच पुढं बोलावलं. साहेबांच्या कागदावर आपला अंगठा, या मानानं म्हातारा हरखून गेला.

मंडळी गेल्यावर तो श्रेणिकजवळ आला.

"सायेब खूश झालं न्हवं, रावसाब? लय राबलो आमी दोगं."

"झाले."

"मग आता दोऱ्या बांदू का परत?"

खरं सांगायला श्रेणिकची जीभ रेटेना. क्लबाचं तारेचं कुंपण सांगलीहून यायला अजून आठ दिवस होते.

"बांध," तो म्हणाला.