ग खाली आला की

लढाईच्या दिवसांत कसाऱ्याला रेल्वेच्या गोऱ्या साहेबांच्या क्लबात दर शनिवारी नाच असे. बँडचा पियानोवाला सैन्यात गेला, तेव्हा बँडमास्तर कायताननं इंजिनशेडमध्ये कोळसा ओढणाऱ्या कुंडलिकला बोलावलं. शहापूरच्या भजनात त्यानं कुंडलिकची पेटी ऐकली होती.

"हा शनिवार निभावलास, तर बँडबरोबर मुंबईला नेतो."

कुंडलिकला तेवढंच हवं होतं. फावड्यानं त्याची बोटं ताठत चालली होती. अजून वर्षभर कोळसा ओढला असता तर पेटीही सुटली असती.

कायताननं पियानोवर पाच सूर एकदम दाबले. सा, ग, प, नी आणि वरचा रे.

"याला नाइन्थ म्हणतात."

"मास्तर, ही तर ऋषीची भाजी झाली!"

"मग खा की!" कायतान हसला. पुढे कुंडलिकला ती गोडही लागायला लागली.

"आता ग तळाला घे, सा वर ने. सूर तेच. घर तेच रे बाबा, मागच्या दारानं शिरायचं."

कुंडलिकनं सूर दाबले आणि दचकला. भजनात तळाला घुमतो तो सा, हे त्याच्या कानात जन्मापासून बसलेलं. त्यामुळे खाली आलेला ग हाच त्याला सा वाटला, आणि त्यावर ग, ध, नी कोमल होऊन बसले.

"मास्तर, ही भैरवी लागली."

"भैरवी कसली? तेच पाच सूर आहेत."

"तेच हायत, मला दिसतायत. पण भैरवीच लागलीय."

आणि भैरवी लागली की भजन संपलं. 'सा वर हाय, सा वर हाय' असं घोकत तो रोज बसला. कान बधला नाही.

शनिवारी पहिली गाणी नीट गेली. मग एका संथ गाण्यात ग खाली आला. झालं! कुंडलिकचा डावा हात पेटीचा भाता मिटायला आपोआप पलीकडे गेला. पियानोला कुठला भाता? सूर तुटला, जोड्या अडखळल्या, एका मडमेचा पाय साहेबाच्या बुटावर पडला.

कायताननं व्हायोलिननं गाणं कसंबसं ओढून नेलं. मग तो कुंडलिकच्या कानाशी वाकला.

"काय चुकलं, कळलं?"

"कळलं, मास्तर. मला कळतंय, कानाला कळत नाय."

कायतान ओरडला असता तरी चाललं असतं. त्यानं नुसता खांद्यावर हात ठेवला. "आता हात मांडीवर ठेव. उठू नको, बरं दिसत नाही."

उरलेला सगळा नाच कुंडलिक दिव्यांच्या उजेडात तसाच बसून राहिला. मागे उभं धरलेलं मोठं व्हायोलिन ग या सुरावर उतरलं की त्याला वाटे, संपलं. आणि साहेबलोक पुन्हा गिरकी घेत.