पहिल्या कापडाचा मान

आमच्या रनाळ्यात लग्न ठरलं की हळदीआधी सुरत गाठावी लागते. लग्नाच्या कापडांची खरेदी, म्हणजे बस्ता, तो सुरतेचाच! नंदुरबारच्या दुकानांत साड्या नाहीत असं नाही, रगड आहेत. पण मांडवात बायका पदर चिमटीत धरून विचारतात, "सुरतना शे का?" तिथं नाही म्हणायची वेळ मी आमच्या घरावर आजवर येऊ दिलेली नाही.

मी रुक्मिणीबाई, नवऱ्या मुलाची, नवनीतची आत्या. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात आणि बस्त्यात फुईचा मान मोठा. नवरीची पहिली साडी दुकानाच्या गादीवर उघडली की तिच्या पदराला कुंकू फुईनं लावायचं. तोवर दुसऱ्या कापडाला कुणी हात लावायचा नाही. माहेरचे सगळे बस्ते माझ्याच बोटानं सुरू झालेत आणि देवाच्या दयेनं सगळे संसार धड चाललेत. त्याचा मला ताठा आहे. आहे तर आहे!

नवनीतच्या बस्त्याला आम्ही क्रूझर गाडी भाड्यानं केली. माझा भाऊ दोधू, त्याची बायको रमिलाबाई आणि मी. नवरीकडून दोघीच, ममता आणि तिची आई कौसाबाई. ममता चिंचपाड्याला दवाखान्यात नर्स आहे. ती ड्यूटी संपवून तिथल्या फाट्यावरून गाडीत बसली आणि सोनगड येईपर्यंत आईच्या खांद्यावर गाढ झोपली. कौसाबाईनं तेवढा वेळ खांदा हलू दिला नाही. नवरा गेला तेव्हा ममता पाटी-दप्तराची होती. तेव्हापासून मिरचीची शेती या बाईनं एकटीनं केली. टेम्पोत पोत्यांवर बसून माल नंदुरबारच्या मार्केटात नेला. बोलणं मात्र इतकं हळू की दोनदा विचारावं लागतं.

सुरतेच्या रिंगरोडला उतरलो की माझ्या अंगात वारं भरतं. वर पूल, खाली रिक्षा, डोक्यावर गठ्ठे घेऊन "साईड, साईड" ओरडत पळणारे हमाल. दोन्ही बाजूंना कापडाचे मजल्यावर मजले. कुठकुठून गिऱ्हाईक येतं तिथं, राजस्थानचं, आंध्रचं, बिहारचं. आमच्यासारख्या बाया दिसल्या की दलाल लांबूनच हाका मारतात, "आवो बहेन! नंदुरबार? धुलिया? फेक्टरी भाव!" रमिलाबाई भांबावून तिकडे वळायला लागली तशी मी तिचा दंड धरला.

"व माय, नाकसमोर चाल. आपलं दुकान ठरेल शे."

दोधूला पुलाखाली गरम लोचो खायची गाडी दिसली, तो तिथंच अडकला. आम्ही चौघी चुनीलाल शेठच्या दुकानात तिसऱ्या मजल्यावर चढलो. मला पाहून शेठ गादीवरून उठून उभा राहिला. "आवो आवो, रुक्मिणीबेन!" म्हणाला. आजूबाजूला दोंडाईच्याचं आणि शिरपूरचं अशी दोन घरं बस्त्याला बसली होती, त्यांनीही वळून बघितलं. सुरतेसारख्या शहरात नावानं ओळखतात मला! माझी मान आणखी वर झाली.

आम्ही गादीवर बसलो. मागं पाहते तर कौसाबाई आलीच नव्हती. ती दाराबाहेर चपलांजवळ भिंतीला टेकून बसली होती.

"तुम्ही करा सुरू," ती म्हणाली, "मी चपला देखस."

मला त्यात वावगं वाटलं नाही. विधवा बाई पहिल्या कापडापासून लांब राहते, तशीच रीत आहे. तिला कळलं, कुणाला सांगावं लागलं नाही, बरंच झालं, असंच वाटलं मला.

शेठनं लाल साडी उघडली. जरीचा पदर पांढऱ्या गादीवर पसरला. खानदेशाची गिऱ्हाइकं नेहमीची, त्यामुळे कुंकवाची वाटी त्याच्या गल्ल्याजवळ तयारच असते. त्यानं ती माझ्यापुढं धरली. मी पदर सावरला, बोट पुढं केलं, आणि ममता उठून उभी राहिली.

"फुई, थांबा. पहिलं कुकू मन्ही माय लावी."

अख्खं दुकान आमच्याकडे वळलं. साडी उलगडणारा नोकरसुद्धा घडी हातात धरून थांबला.

"काय म्हणनी?" मी विचारलं. मला ऐकू आलं होतं, पण तिला शब्द मागं घ्यायला जागा ठेवली.

तिनं नाही घेतला. "मन्ही माय लावी. नहीतं मी साडीले हात नही लावस."

माझं टाळकं सणकलं. लग्नाआधीच तोंड वर करून बोलते! आणि खोटं कशाला सांगू, त्याहून जास्त झोंबलं ते माझा मान जाण्याचं. "हाई तुले कोनी शिकाडं?" मी ओरडले.

"मायनीच शिकाडं," ती म्हणाली. नजर खाली गेली नाही. "मिरची ईकीसन तिनी माले नर्स करं. तापमा मन्हा कपाळवर तिन्हाच हात व्हता. तो हात तवय चालना, आन आज चालस नही?"

इकडे रमिलाबाईनं माझा पदर ओढला. तिचे डोळे भरले होते. "बाई, अशुभ व्हई व. एकच पोरगा शे मन्हा. तुम्ही काहीतरी करा."

काय करू? एकीकडे भावजय, तिची भीती खोटी नव्हती. दुसरीकडे ही पोरगी. मी नाही म्हटलं असतं तर ती आईला घेऊन जिना उतरली असती, आणि लग्न तिथंच मोडलं असतं. सगळं माझ्यावर येऊन थांबलं होतं.

मी दाराकडे पाहिलं. कौसाबाईला सगळं ऐकू गेलं होतं. ती मान खाली घालून, ऐकलंच नाही असं दाखवत, आमच्या चपला जोडीनं लावत होती. लावलेल्याच पुन्हा लावत होती. इतके बस्ते केले मी, इतक्या विधवा आया त्या चपलांपाशी बसलेल्या पाहिल्या, पण एकाही पोरीनं कधी मागं वळून हाक मारली नव्हती. आज जिनं मारली ती आमच्या घरात येणार होती. आमच्या घरात! आईसाठी भरल्या दुकानात उभी राहिली, उद्या आमच्यासाठीही उभी राहील. राग कुठल्या कुठे गेला आणि छाती अशी फुगली की बस.

"विहीणबाई!" मी दोंडाईचा-शिरपूरवाल्यांना ऐकू जाईल अशी हाक मारली. "चपला चोरी जातीन त जाऊ द्या! आत या!"

ती उठेना. "नको व बाई. मन्ही पोरना संसारले काही व्हयनं तं मी काय करू? तुम्हीच लावा."

आता आईच आडवी! मी उठले, दारापर्यंत गेले, तिचं मनगट धरलं आणि तिला गादीवर आणून बसवलं. मनगट बारीक, पण टणक. वाटी तिच्या हातात दिली. "फुईना मान मन्हा शे ना? तो मी तुम्हाले दिधा. आते लावा."

तिनं बोट कुंकवात बुडवलं. पदरावर स्वस्तिक काढलं, ते वाकडं आलं. ममता तोंडाला ओढणी लावून रडायला लागली.

कौसाबाईच्या बोटाला थोडं कुंकू उरलं होतं. ते कुठं पुसावं हे तिला कळेना. गादी पांढरी, साडी नवरीची. तिनं बोट स्वतःच्या लुगड्याच्या आतल्या बाजूला नेलं.

"थांबा," मी म्हटलं. मी तिच्यापुढं वाकले आणि कपाळ पुढं केलं. माझा नवरा घरी ठणठणीत आहे, अजून भाकरीवरून भांडतो. "आठे लावा."

"बाई, तुम्हाले?" ती घाबरली.

"मालेच. लावा म्हनतस ना!"

तिनं लावलं. बोट खरखरीत होतं. मी डोळे उघडले आणि सगळ्या दुकानाकडे एकदा पाहून घेतलं, कुणाची काही बोलायची टाप आहे का म्हणून. शेठनं हात जोडले होते.

तेवढ्यात मला कुणीतरी कोपरानं बाजूला सारलं. बघते तर रमिलाबाई. तोंड अजून रडवेलं, हात छातीशी घट्ट धरलेले. एकुलत्या एका पोराची आई ती, किती भ्याली होती ते माझ्याशिवाय कुणाला ठाऊक? तरी ती पुढं सरकली आणि कौसाबाईपुढं मान वाकवली.

"माले बी लावा, विहीणबाई."

कौसाबाईनं बोटाकडे पाहिलं, त्यावर आता काही उरलं नव्हतं. मग तिनं कुणी न सांगता वाटी जवळ ओढली आणि बोट पुन्हा कुंकवात बुडवलं.