सारजा तीस

औरंगाबादच्या गुलमंडीवर दवाखाना असलेल्या डॉक्टर केशवरावांनी १९६८ साली होमिओपॅथीच्या औषधांची मराठी यादी छापायला घेतली. तपासायचं काम त्यांनी आपल्या चुलतबहिणीवर, शाळेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या पद्मजाबाईंवर सोपवलं. अट एकच होती. प्रत्येक औषधापुढं मूळ ग्रंथ आणि पान लिहायचं.

तीनशेच्या वर नावं होती. एक सोडून सगळ्यांना काही ना काही आधार मिळाला. ते एक नाव होतं ‘सारजा’. लक्षणं अशी दिलेली: दुपारी चारनंतर डोकं दुखणं, मोठा आवाज सहन न होणं, चिंच खावीशी वाटणं. ताकद तीस. तीन मराठी पुस्तिकांत शब्दाला शब्द तेच होतं. तिसरीनं दुसरीतून घेतलेलं, दुसरीनं पहिलीतून. पहिली पुस्तिका छापणारे दत्तोपंत वारले होते, पण त्यांनी तळटीप दिली होती: ‘काकासाहेब, लासूर स्टेशन यांच्या वहीवरून.’

पद्मजाबाई सकाळच्या गाडीनं लासूरला गेल्या. काकासाहेब मोठे जमीनदार. पोस्टानं पुस्तकं मागवून ते होमिओपॅथी शिकले होते आणि गावाला फुकट औषध देत. त्यांनी आनंदानं वही काढली. वरती ‘सारजा’, खाली तीच तीन लक्षणं, शेवटी ‘३०’.

“हे औषध कशापासून करतात? झाडापासून?” पद्मजाबाईंनी विचारलं.

काकासाहेबांनी चष्मा पुसला. “औषध? बाई, ही तर आमची सारजाबाई हाय. तेलघाण्याच्या गल्लीतली. हे तिचं दुखणं लिवलंय.”

“आणि तीस?”

“औषधाची ताकद.”

“पण औषध कोणतं?”

काकासाहेबांनी पान उलटून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. “लिवायचं ऱ्हायलं जणू. दत्तोपंत वही घेऊन गेले तवा मी म्हणलं, नीट बघून छापा.”

पद्मजाबाईंनी ते पान स्वतः उलटून पाहिलं. एक बाई आजारी पडते काय आणि तिचंच औषध होतं काय! निदान गोळ्या कोणत्या होत्या ते तिला तरी आठवेल, म्हणून त्या काकासाहेबांसोबत सारजाबाईच्या घरी गेल्या.

सारजाबाई अंगणात डाळ निवडत बसल्या होत्या. ऐकून खुदकन हसल्या. “गोळ्या गोड व्हत्या, एवढं आठवतं. पर डोकं त्यानं नाय थांबलं.”

“मग कशानं?”

“समोर पिठाची गिरणी व्हती ना? चार वाजले की सुरू व्हायची. मालकानं ती टेसनाकडं नेली न् माझं डोकं थांबलं. काकासाहेबांना वाईट वाटंल म्हणून बोलले नाय.”

काकासाहेब ओशाळून दुसरीकडं बघू लागले.

औरंगाबादेत परतल्यावर पद्मजाबाईंनी सगळं केशवरावांना सांगितलं. ते उठले. मग खणातून तीन पत्रं काढून त्यांनी पुढं ठेवली. तीन गावच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं की ‘सारजा तीस’नं रोगी खडखडीत बरे झाले.

“पण असं औषधच नाही! मग यांनी दिलं काय?”

“पद्मा,” केशवराव हळूच म्हणाले, “मीसुद्धा दिलंय. दुकानात मागितलं, दुकानदारानं बाटली दिली. चिठ्ठीवर नाव होतं. आत काय होतं, मी विचारलं नाही.”

“आणि रोगी?”

“दोघांना बरं वाटलं.”

शेवटी केशवरावांनी लाल शाईनं ते नाव खोडलं आणि यादीच्या सुरुवातीला ‘असं औषध नाही’ अशी सूचना छापायचं ठरवलं. तिघा डॉक्टरांना त्यांनी त्याच दिवशी कळवलं. एकाचं रागावून उत्तर आलं, की आपले रोगी खोटं बोलतात काय?

पद्मजाबाईंनी ते पत्र बाजूला ठेवलं. त्यांनी यादी पुन्हा पहिल्या नावापासून उघडली. पुढं ग्रंथ होता, पान होतं. पण त्या ग्रंथानं ते कुठून घेतलं असेल?

“कुठवर मागं जाणार तू?” केशवरावांनी विचारलं.

“तेच समजत नाहीये,” त्या म्हणाल्या, आणि पान उलटलं.

यादी दीड वर्षं उशिरा छापली गेली. तिच्यात एकशे नव्वद नावं उरली होती.