आईच्या नाकाची धाकटी

चष्मेवाल्याने अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मरायचं ठरवलं होतं, आणि त्या बाबतीत त्याची तयारी चोख होती. आजोबा अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले, वडील अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले, धाकटे काका जरा घाई करून सत्तेचाळिसाव्याच वर्षी गेले. तिघंही छातीत कळ येऊन, तिघंही बसल्या जागी. आणि तिघांचं नाकही एकाच साच्यातलं: मुळाशी उंच, मधे उंचवटा आणि शेंडा खाली वाकलेला, जणू मिशीत काही सांडलंय का ते बघतोय. थोरल्या काकांचं नाक मात्र आजीवर गेलेलं, बसकं. ते एक्याऐंशीचे होऊन अजून शेजाऱ्यांशी भांडत होते. चार माणसं आणि चौघांचंही गणित बरोबर सुटलेलं. यापेक्षा कमी पुराव्यावर लोक लग्नं ठरवतात.

त्यामुळे त्या घरात मूल जन्मलं की मुलगा का मुलगी हे मागाहून, आधी नाक बघायचे. चष्मेवाल्याचं बघितलं आणि आजी उठून आत गेली. तीन वर्षांनी बहीण झाली. तिचं नाक आईचं, बोटाच्या पेराएवढं आणि वर उचललेलं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. तेव्हापासून भावंडांत कामं वाटली गेली: दादाने जायचं, धाकटीने मागे राहायचं. दहा वर्षांची असताना तिने दादाची सायकल भिंतीवर नेऊन आपटली, तर आई तिला मारायच्या ऐवजी म्हणाली होती, "शहाण्यासारखं वाग गं. तुला मागे राहायचंय."

दादा मोठा होऊन चष्मेवाला झाला. दिवसभर लोकांच्या नाकांवर फ्रेमा बसवायच्या, नाकावर टेकणाऱ्या गाद्या वाकवायच्या, काड्या कानामागे वळवायच्या. बाप-लेक दुकानात आले की दोघांचा चष्मा एकाच जागी घसरतो हे तो न मोजता सांगे. नाक हे घराण्याचं खरं कागदपत्र आहे, बाकी सगळं सांगोवांगी, असं त्याचं मत होतं. त्याचा स्वतःचा चष्मा कधी घसरला नाही. तेवढा एक फायदा.

लग्न त्याने केलं नाही. कुणाच्या मुलीला अर्ध्या वाटेत उतरवून द्यायचं म्हणजे काय. पाच वर्षांची हमी असलेली वस्तू तो विकत घेत नसे. हमी वाया जाते. उकडलेलं खाई, पहाटे चाले, आणि रोज दाढी झाली की आरशाला नाक लावून स्वतःचे डोळे तपासी. वडिलांच्या काळ्या बुबुळांभोवती राखाडी-पांढरं कडं होतं. लोक म्हणत, काय गोटीसारखे डोळे आहेत. ऐन उमेदीत असं कडं दिसलं तर रक्तात चरबी फार झाली असावी, हे त्याला चष्म्याचं काम शिकताना कळलं, तेव्हा वडील जाऊन चार वर्षं झाली होती. आता सत्तेचाळीस पूर्ण व्हायला आले तरी त्याच्या डोळ्यांत कडं उमटलं नव्हतं. त्याने मनाशी म्हटलं, यायला उशीर झालाय एवढंच.

धाकटी गाडी चालवायला शिकवत असे. तिच्या गाडीला तिच्या बाजूलाही ब्रेक होता. स्वभावाला मात्र एकही नव्हता. ती पावावर बोटभर लोणी लावून खायची. तिच्या समोर बसून तिची पंधरा वर्षांची मुलगी कोरडा पाव चावायची, कारण नाक धाकटीला चुकवून तिच्यावर जाऊन बसलं होतं. भाचीला शाळेच्या मैदानाला रोज दोन फेऱ्या होत्या, तळलेलं बंद होतं. आई लोणी खातेय आणि लेक कोरडं, यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. ज्याचं त्याचं नाक.

मग चुलतभावाचं पत्र आलं. हा धाकट्या काकांचा मुलगा, दूरच्या शहरात राहणारा, नाकवालाच. त्रेचाळिसाव्या वर्षी त्याच्या छातीत कळ आली, पण तो वेळेवर दवाखान्यात पोचला आणि वाचला. तिथल्या डॉक्टरांनी त्याच्या रक्तातून घराण्याचा दोष नेमका शोधून काढला, आणि रक्ताच्या सगळ्या नातेवाइकांना द्यायला म्हणून छापील पत्राच्या प्रती दिल्या. त्याने एकाच पाकिटात दोन पाठवल्या. वर पेनाने लिहिलं होतं: एक तुला, एक धाकटीला.

चष्मेवाल्याने आपली प्रत दोनदा वाचली आणि तपासणीची वेळ घेतली. दुसरी प्रत हातात धरून तो जरा उभा राहिला. धाकटीला कशाला उगीच घोर लावायचा? तिच्यामागे कामं कमी आहेत का? काचा घासायचं यंत्र वर्षभर एका पायावर डगमगत होतं. पत्राचा कागद चांगला जाड होता. त्याने चार घड्या घातल्या आणि यंत्राच्या पायाखाली सरकवला. यंत्र अगदी सरळ उभं राहिलं.

निकाल सांगायला बसलेल्या डॉक्टरीणबाई वयाने लहान आणि आवाजाने शांत होत्या. त्यांनी कागद त्याच्याकडे वळवला आणि म्हणाल्या, तो बदल तुमच्यात नाही. चरबीही बेताची आहे.

चष्मेवाल्याने कागदावरचं नाव तपासून बघायला सांगितलं. त्यांनी तपासलं. मग तो म्हणाला, "पण माझं नाक बघा की."

बाईंनी बघितलं. चांगलं आहे म्हणाल्या. तेव्हा त्याने त्यांना आजोबांपासूनचं सगळं सांगितलं, बसक्या नाकाच्या थोरल्या काकांसकट. त्या हसल्या नाहीत, आणि त्याबद्दल तो पुढे जन्मभर त्यांचा ऋणी राहिला. त्यांनी त्याला समजेल असं सांगितलं. यकृताच्या दारात हमाल असतात, रक्तातली चरबी उचलून आत नेणारे. हे हमाल कसे घडवायचे त्याच्या सूचना प्रत्येकाकडे दोन प्रतींत असतात, एक आईकडची, एक बापाकडची. तुमच्या घराण्यात एका प्रतीत चूक आहे, म्हणून निम्मे हमाल जन्मापासून कामावर येतच नाहीत, आणि चरबी वर्षानुवर्षं दारात साठत राहते. तुमच्या वडिलांकडे एक प्रत चुकीची होती, एक बरोबर. तुम्हाला बरोबर मिळाली. नाणं उडवल्यासारखं असतं ते.

"आणि नाक?"

"नाक घडवायला पुष्कळ जण लागतात. त्या मंडळींचा या हमालांशी काही संबंध नाही. नाक आणि हा दोष दोन्ही तुमच्याच घरातले, पण प्रत्येक मुलापर्यंत वेगवेगळ्या गाडीने येतात. चार वेळा एकाच गाडीने आले, हा योगायोग."

 सत्तेचाळीस वर्षं ज्या गाडीची वाट बघत चष्मेवाला फलाटावर उभा होता ती त्याची नव्हतीच. माणसाला अशा वेळी आनंद होतो म्हणतात. त्याला आधी आठवलं की घरातल्या गादीला खड्डा पडलाय आणि आता नवी घ्यावी लागणार.

"भावंडं आहेत?" बाईंनी विचारलं.

"एक बहीण. पण तिचं काही नाही, ती आईच्या..." एवढं बोलून तो थांबला. बाईंनी पेन खाली ठेवलं. तिचं नाणं वेगळं उडालं होतं, आणि ते कुणी उचलून बघितलंच नव्हतं. त्याच्या डोळ्यांसमोर यंत्राचा पाय आला.

दुकानात परतल्यावर त्याने धाकटीला फोन केला. डोळ्यांना जवळचा नंबर लागलाय, शिकाऊ लोकांचे अर्ज हात लांब करून वाचतेस, ये, चष्मा करून देतो. असं तो वर्षभर म्हणत होता आणि ती वर्षभर म्हणत होती की अर्जच बारीक छापतात. त्या दिवशी त्याच्या आवाजात काय होतं कोण जाणे, ती शिकवणी चालू असतानाच आली. गाडी दुकानासमोर उभी केली. आत शिकाऊ म्हणून एक निवृत्त शिक्षक बसले होते. चावी माझ्याकडे आहे, धाकटी म्हणाली, बसल्या बसल्या चाक वळवू देत, सराव होतो. काचेतून दिसत होतं: शिक्षक आरशात बघायचे, हात दाखवायचे, चाक वळवायचे, आणि गाडी जागची हलायची नाही.

चष्मेवाल्याने तिला डोळे तपासायच्या यंत्रापुढे बसवून हनुवटी टेकवायला लावली आणि दिवा तिच्या डोळ्यावर नेला. बुबुळाच्या काठाने राखाडी-पांढरं कडं होतं. वरच्या बाजूला ठसठशीत, खाली जुळत आलेलं. दुसऱ्या डोळ्यातही. रोज सकाळी तो जे स्वतःच्या डोळ्यांत शोधत होता ते इतकी वर्षं त्याच्यासमोर बसून लोणी-पाव खात होतं.

"किती वेळ?" धाकटी म्हणाली. "मास्तर बाहेर मनातल्या मनात कुणालातरी धडकतील."

त्याने दिवा बंद केला. मग गुडघ्यावर बसून काचा घासायच्या यंत्राचा पाय उचलला, पत्र काढलं, घड्या उलगडल्या आणि तिच्या हातात दिलं. त्यावर पायाचा गोल वळ उठला होता. धाकटीने पत्र हातभर लांब धरलं. त्याने चाचणीच्या फ्रेममध्ये काचा घालून ती तिच्या नाकावर ठेवली. ती घसरली, त्या नाकावर सगळंच घसरतं. बोटाने धरून तिने शेवटपर्यंत वाचलं.

"तारीख तीन महिन्यांपूर्वीची आहे," ती म्हणाली.

"हो."

"आणि हे या खाली होतं."

"हो. माझं चुकलं."

मग त्याने आपला निकाल सांगितला. ती पटकन उठून उभी राहिली, त्याच्या दंडावर जोरात चापट मारली, आणि डोळे पुसत म्हणाली की मेल्या, आधी हे सांगायचं सोडून तू माझी हनुवटी कसली टेकवतोस. ती जरा वेळ हसत होती, रडत होती, फ्रेम सावरत होती. तिच्या डोळ्यांतल्या कड्याबद्दल तो बोलायला लागला तसं हसू आवरलं. ते असू दे म्हणाली. मला काही होत नसतं. मी दिवसाला आठ जणांचा मरता मरता ब्रेक दाबते, मला काही झालंय कधी? आणि मी आईवर गेलेय, हे तूच सांगत आलास ना?

"नाकाने गेलीस," तो म्हणाला.

"सगळी गेलेय. बाबांचं माझ्यात काही नाही."

चष्मेवाल्याने डॉक्टरीणबाईंसारखं हमालांचं सांगून बघितलं. त्याच्या तोंडी ते हमाल नीट चालेनात. मधेच नाण्यावर घसरले. धाकटी पर्स उचलून निघाली. मास्तरांची वेळ संपत आली होती. ती दारापर्यंत गेली तेव्हा त्याला जे सुचलं ते कुठल्याच पत्रात छापलेलं नव्हतं.

"मग पोरीला ते नाक कुणी दिलं?"

धाकटी थांबली.

"तिच्या बापाचं नाक बटाट्यासारखं आहे," चष्मेवाला म्हणाला. "तुझं आईचं. मग आपल्या बाबांचं नाक तिच्यापर्यंत कुणाच्या हातून पोचलं? शेजाऱ्यांनी तर आणून दिलं नसेल. तुझ्याकडेच होतं ना, पंचवीस-तीस वर्षं, तुझं तुलाही न कळता? आणखी काय काय सांभाळलं असशील कुणास ठाऊक."

बाहेर मास्तरांनी हात दाखवला आणि डावीकडे वळले. गाडी होती तिथेच होती. धाकटी दाराच्या काचेतून त्यांच्याकडे बघत राहिली.

"म्हणजे मला असलं तर तिलाही असेल," ती शेवटी म्हणाली.

"नाणं आहे. असेल किंवा नसेल."

"कोरडा पाव खाऊनसुद्धा?"

"पावाने थोडं कमी होतं. गोळीने खूप कमी होतं. आजोबांना, बाबांना गोळी मिळालीच नाही गं. तेव्हा कुणी विचारलंच नाही."

ती परत येऊन खुर्चीवर बसली. पत्राच्या घड्या पुन्हा घातल्या, ते पर्समध्ये ठेवलं. मग म्हणाली की मला माझं काम माहीत होतं रे. तू जाणार, आईला मी बघणार, तुझं दुकान मी आवरणार. मी कधी दुसरा विचारच केला नाही. आता हे कोणी करायचं?

"कुणीच नाही," चष्मेवाला म्हणाला. "दोघांनी राहायचं. होईल गर्दी."

चौथ्या दिवशी तिने रक्त दिलं. सहाव्या आठवड्यात फोन आला तेव्हा चष्मेवाला एका बाईंच्या कानामागे काडी वाकवत होता. धाकटी एवढंच म्हणाली, "आहे." काडी जरा जास्त वाकली. मग ती म्हणाली की हृदयाच्या नळ्या अजून बऱ्या आहेत, डॉक्टर म्हणाले वेळेत आलात, गोळी आजपासून सुरू, आणि लोणी बंद, त्याबद्दल मी तुला कधीही क्षमा करणार नाही. पोरीचं रक्त मंगळवारी घेणार आहेत. पोर म्हणते, निकाल काहीही लागो, मैदानाच्या फेऱ्या मी सोडणार नाही, तिथे माझ्या मैत्रिणी असतात.

तेव्हापासून चष्मेवाला रोज संध्याकाळी सातला फोन करून एकच शब्द म्हणे, "गोळी?" आणि धाकटी म्हणे, "गिळली. तू तुझं लग्न बघ."

अठ्ठेचाळिसावा वाढदिवस आला तो कामाच्या दिवशी. धाकटी नवा चष्मा लावून आली. फ्रेम तिसऱ्यांदा बदलली होती तरी घसरत होतीच. त्याने पूर्वीच तिच्याकडे ठेवायला दिलेली एक जुनी फाइल तिने त्याच्यापुढे टाकली. हे तुझं तुला, म्हणाली, घरात जागा नाही. फाइलमध्ये त्याच्याच अक्षरातली यादी होती, "माझ्यामागे करायच्या गोष्टी", अकरा कलमं, वर्षावर्षाला सुधारलेली. सातवं कलम होतं: काचा घासायचं यंत्र डगमगतं, विकताना गिऱ्हाइकाला सांगावं.

ती गेल्यावर त्याने यादी एकदा वाचली. मग तिच्या चार घड्या घातल्या आणि यंत्राचा पाय उचलून खाली सरकवली. अकरा कलमांचा कागद पत्रापेक्षा बराच जाड होता. यंत्र आता दुसऱ्या बाजूला कललं. चष्मेवाल्याने त्याच्याकडे थोडा वेळ बघितलं आणि ठरवलं की नवं घ्यावं. दहा वर्षांची हमी असलेलं.